आयएनआर वाढलेला आला, तर काय पाहावे आणि काय विचारावे: यकृत, पचनसंस्था आणि न गोठणारे रक्त

मुंबईत पावसाने जोर धरला की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी काविळीच्या रुग्णांची रांग वाढू लागते. अहवाल हाती पडताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘बिलिरुबिन किती आले?’ हा असतो आणि दुसरा ‘एसजीपीटी किती?’ हा. बिलिरुबिन म्हणजे काविळीचे पिवळे रंगद्रव्य आणि एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांतून रक्तात सांडणारे द्रव्य. त्याच अहवालात खाली, किंवा वेगळ्या पानावर, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारे सेकंद) आणि आयएनआर (तेच सेकंद सर्व प्रयोगशाळांसाठी सारख्या मापात मांडणारा आकडा) अशी एक ओळ छापलेली असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परळ परिसरात तेवीस वर्षे रक्ततपासणीचे काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की यकृताच्या रुग्णाच्या घरच्यांनी सर्वांत आधी वाचायला शिकावी ती हीच ओळ. एसजीपीटी दोन-तीन हजारांवर गेलेला तरुण पंधरा दिवसांत बरा होऊन कामावर जातो, आणि एसजीपीटी झपाट्याने खाली येत असताना आयएनआर मात्र चढत चाललेला रुग्ण अतिदक्षता विभागात पोचतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दुसऱ्या रुग्णात एसजीपीटी उतरतो तो आजार बरा होत असल्यामुळे नव्हे; नष्ट होण्यासारख्या पेशीच फारशा उरलेल्या नसतात, म्हणून तो उतरतो.

आयएनआर वाढला एवढ्यावरून आजाराचे नाव कळत नाही. यकृताची रक्त गोठवणारे घटक बनवण्याची ताकद संपत आली आहे, की यकृत बऱ्यापैकी धड असून त्याला लागणारे ‘के’ जीवनसत्त्व आतड्यातून पोचतच नाही, हे आधी ठरवावे लागते. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एका रुग्णाचा आकडा एका इंजेक्शनने दिवसभरात उतरू शकतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत यकृत प्रत्यारोपणाची चर्चा सुरू करावी लागते. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात. मात्र हा फरक ओळखायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी रुग्णाच्या घरीच दिसतात आणि त्या डॉक्टरांपर्यंत नेमक्या शब्दांत पोचवणे घरच्यांच्या हातात असते.

आकडा कशाचा आहे

जखम झाली की रक्तातील प्लेटलेट त्या जागी गोळा होऊन बूच बसवतात आणि मग रक्तातील प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होऊन त्या बुचावर फायब्रिनचे जाळे विणतात. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, तसेच पाचवा, सातवा, नववा, दहावा आणि अकरावा हे घटक यकृतात तयार होतात. यांपैकी प्रोथ्रॉम्बिन, म्हणजेच दुसरा घटक, आणि सातवा, नववा व दहावा हे चार घटक यकृतात घडले तरी ‘के’ जीवनसत्त्वाचा हात लागल्याशिवाय कामाचे होत नाहीत. हे जीवनसत्त्व सापडले तेही आहारातील चरबीच्या वाटेनेच. डेन्मार्कमधील हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढून टाकलेला आहार देऊन प्रयोग करत असताना पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला आणि त्यातून १९३५ मध्ये रक्त गोठण्याच्या युरोपीय शब्दातील आद्याक्षर घेऊन या जीवनसत्त्वाला ‘के’ हे नाव मिळाले. १९४३ चे नोबेल पारितोषिक डाम आणि एडवर्ड डॉयझी यांना याच कामासाठी देण्यात आले. पिल्लांची ही गोष्ट रुग्णांनाही लागू पडते, कारण ‘के’ जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असून आतड्यात पित्तरस उतरला नाही, किंवा चरबी पचली नाही, तर ते खाऊनही अंगी लागत नाही.

सातवा घटक रक्तात जेमतेम काही तास टिकतो, म्हणून पुरवठा थांबला की सर्वांत आधी तो घटतो आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबतो. अल्ब्युमिन हे यकृताचेच दुसरे प्रथिन, पण त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे अल्ब्युमिन यकृताचा गेल्या काही आठवड्यांचा हिशेब सांगते आणि आयएनआर कालपरवाचा. सर्वसाधारण आयएनआर ०.८ ते १.२ च्या दरम्यान असतो. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल ताडून पाहायचे असतील तर सेकंदांकडे न पाहता आयएनआर पाहावा, कारण सेकंद वापरलेल्या रसायनावर अवलंबून असतात. एक मर्यादा मात्र ध्यानात असावी. आयएनआर ही पद्धत १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांसाठी. यकृताच्या रुग्णात ती यकृताची ताकद चांगली सांगते, परंतु त्या रुग्णाला रक्तस्राव होईल की नाही हे ती खात्रीने सांगू शकत नाही.

आधी नमुना नीट होता का, हे पाहावे

ही तपासणी निळ्या झाकणाच्या नळीत होते. त्या नळीत सोडियम सायट्रेटचे द्रावण आधीच भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते; म्हणून नळीवर खूण असते आणि रक्त त्या खुणेपर्यंतच भरावे लागते. रक्त कमी पडले तर सायट्रेट जास्त होते आणि निरोगी माणसाचा आयएनआरही वाढलेला येतो. शीर सापडत नसलेल्या वृद्ध रुग्णांत, घरी येऊन नमुना घेताना, किंवा सलाईनच्या नळीतून रक्त काढताना ही चूक हमखास होते. पुष्कळ वर्षांपूर्वी उपनगरातील एका संकलन केंद्रातून पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका बाईंचा नमुना आला होता. नळी अर्धीही भरलेली नव्हती. तो परत पाठवणे माझे काम होते. मी तो यंत्रावर लावला आणि आयएनआर १.९ असा अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलेल्या नमुन्यात तो १.१ निघाला, पण तोवर त्यांची शस्त्रक्रिया रद्द झाली होती आणि त्या दिवसभर पाण्याविना उपाशी राहिल्या होत्या. त्या दिवसापासून खुणेच्या खाली भरलेली एकही निळी नळी मी स्वीकारलेली नाही.

म्हणून रक्त घेताना निळी नळी खुणेपर्यंत भरली आहे का, हे पाहायला आणि भरली नसेल तर तिथेच सांगायला संकोच करू नये. अनपेक्षितपणे वाढलेला आकडा आला आणि रुग्णाला काहीच लक्षणे नसतील, तर नमुना पुन्हा घ्यावा का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. रुग्ण वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकूमरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर ते नमुना देतानाच सांगावे. या गोळ्यांनी आयएनआर वाढतो तो मुद्दामच वाढवलेला असतो.

यकृताची ताकद की ‘के’ जीवनसत्त्वाची वाट

आकडा खरा आहे असे ठरले, की मुख्य प्रश्नाकडे वळावे. घरच्यांनी यासाठी तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात: शौचाचा रंग, लघवीचा रंग आणि अंगाची खाज. शौचाला तिचा नेहमीचा पिवळा-तपकिरी रंग पित्तामुळे येतो. पित्तनलिकेत खडा अडकला, किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने ती दाबली गेली, की पित्त आतड्यात उतरत नाही. मग शौच पांढुरक्या मातीसारखी, शाडूच्या रंगाची होते, रक्तात साचलेले पित्त लघवीवाटे जाऊन ती काळ्या चहासारखी दिसते आणि अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना, झोप उडवणारी खाज सुटते. अशा रुग्णाचा आयएनआर वाढला असेल तर त्यामागे ‘के’ जीवनसत्त्वाचा अभाव असण्याची शक्यता मोठी असते. शौच फिकट आहे का, असे विचारले तर बहुतेक रुग्ण ‘बघितले नाही’ म्हणतात. रोज बघावे, आणि शंका आली तर सकाळच्या उजेडात मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. डॉक्टरांना ते शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डॉक्टर याची खातरजमा सोप्या रीतीने करतात. ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन शिरेतून सावकाश देऊन साधारण बारा ते चोवीस तासांनी आयएनआर पुन्हा पाहिला जातो. तो ठळकपणे उतरला तर यकृताच्या पेशी काम करत असून त्यांना केवळ हे जीवनसत्त्व मिळत नव्हते, असे समजते. तो जागचा हलला नाही तर घटक बनवणाऱ्या पेशींचेच नुकसान झाले आहे, असे मानावे लागते. पित्ताचा मार्ग बंद असताना ‘के’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण ती गोळी शोषली जायलाही पित्तच हवे. म्हणून इंजेक्शनच का देत आहेत, या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. रक्त गोठण्यात दोष असलेल्या रुग्णाला दंडात किंवा कमरेत, म्हणजे स्नायूत, इंजेक्शन देणे शक्यतो टाळतात, कारण स्नायूत रक्ताची गाठ साचू शकते. ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात सुई घ्यायला जाणाऱ्या रुग्णाने हे तिथे आधी सांगायला हवे.

काही प्रयोगशाळांत पाचव्या घटकाची वेगळी तपासणी होते. पाचवा घटक यकृतातच बनतो, परंतु त्याला ‘के’ जीवनसत्त्व लागत नाही. सातवा कमी आणि पाचवा व्यवस्थित असेल तर जीवनसत्त्वाचा अभाव. दोन्ही कमी असतील तर यकृताच्या पेशींचा बिघाड. आठवा घटक मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतो, त्यामुळे यकृताच्या आजारात तो कमी होत नाही, उलट अनेकदा वाढलेला आढळतो. दोन्ही कारणे एकाच रुग्णात असू शकतात, हेही विसरू नये. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक झालेल्या, रुग्णाची भूक मेलेली असते, पित्त कमी उतरते आणि प्रतिजैविकेही चालू असतात, म्हणून डॉक्टर त्यालाही काही दिवस ‘के’ जीवनसत्त्व देऊन पाहतात.

यकृताचे आजार: अचानक आलेले आणि मुरलेले

दूषित पाण्यातून पसरणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे मुंबईच्या पावसाळ्यातील नेहमीचे आजार आहेत आणि बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हिपॅटायटिस ई झाला तर मात्र तो जिवावर बेतू शकतो, म्हणून गर्भवतीची कावीळ घरी ठेवून पाहण्याजोगी कधीच नसते. याआधी यकृताचा आजार नसलेल्या कोणाही रुग्णाचा आयएनआर १.५ किंवा त्याहून अधिक झाला आणि सोबत तो गोंधळल्यासारखा बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर त्याला वैद्यकात तीव्र यकृत निकामीपणा म्हणतात आणि त्याच दिवशी प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी संपर्क व्हावा लागतो. हा गोंधळ ओळखण्याची एक घरगुती रीत मी अनेकांना सांगत आलो आहे. रुग्णाला रोज सकाळी एकाच वहीत तारीख घालून सही करायला सांगावे. परवापर्यंत नीट असलेली सही आज लडबडली, अक्षरे एकमेकांवर चढली, तर बोलण्यात फरक जाणवण्याआधीच मेंदूवर परिणाम सुरू झाल्याचा इशारा मिळू शकतो.

पावसाळ्यात कावीळ आणि रक्तस्राव एकत्र दिसले की ते हिपॅटायटिसच असेल असे धरून चालू नये. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर या शहराने लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ अनुभवली. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे आणि कावीळ असे आले, तर मूत्रपिंडे आणि रक्तस्राव यांचा धोका असतो. बिलिरुबिन खूप आणि एसजीपीटी त्या मानाने थोडा, असा अहवाल तेव्हा दिसतो. डेंग्यू आणि मलेरियात प्लेटलेट घटतात. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याची तारीख सांगितली तर तपासण्यांची दिशाच बदलते.

औषधांचा विचार इथेच करायला हवा. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे यकृताला इजा करू शकतात. ती चालू असताना मळमळ, उलट्या किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी क्षयरोग केंद्रात जावे, पण कोणती थांबवायची आणि कोणती बदलायची हा निर्णय स्वतः घेऊ नये. पॅरासिटामॉल सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत दडलेले असते. मुरलेला यकृतविकार असलेल्या प्रौढाला दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहा, असे साधारणतः सांगितले जाते. म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांत ती मर्यादा गाठली जाते. वनस्पतीजन्य म्हणून कोणतीही गोष्ट निर्धोक ठरत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तरी काय घेतले आणि किती दिवस घेतले हे डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे. काविळीवर माळ घालणे किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणे यावर अनेक घरांची श्रद्धा आहे आणि मी कोणाच्या श्रद्धेशी वाद घालत नाही; माझी विनंती एवढीच, की माळ गळ्यात असताना आयएनआरचा नमुनाही जाऊ द्यावा.

उंदीर मारण्याच्या विषाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट पोटात गेल्यावर माणूस एक-दोन दिवस जवळजवळ ठणठणीत दिसतो आणि मग यकृत कोसळते. वडीच्या रूपातील अनेक विषांत ‘के’ जीवनसत्त्वाचे काम रोखणारे रसायन असते आणि त्यानेही आयएनआर दोन-तीन दिवसांनीच चढतो. लहान मुलाने चाटले असो वा कोणी मनस्तापात घेतले असो, प्रकृती बरी दिसते म्हणून घरी थांबू नये. वेष्टन सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

मुरलेल्या आजारांत दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारे चरबीयुक्त यकृत ही प्रमुख कारणे आहेत. यकृत कडक झाले, म्हणजे सिरोसिस झाला, की घटक कमी पडतातच; शिवाय आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढून प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. प्लेटलेट बनवण्याचा संदेश देणारे संप्रेरकही यकृतातच तयार होत असल्याने त्यांचे उत्पादनही घटते. दीड लाखाच्या खाली रेंगाळणारे प्लेटलेट हा कित्येकदा सिरोसिसचा पहिला सुगावा असतो, आणि वर्षानुवर्षे ‘प्लेटलेट थोडे कमीच असतात’ म्हणून सोडून दिलेल्या माणसाची सोनोग्राफी केल्यावर यकृत खडबडीत आणि प्लीहा मोठी निघते. प्लेटलेट वाढावे म्हणून पपईच्या पानांचा रस देऊन वाट पाहत बसण्यापेक्षा ती सोनोग्राफी करून घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यातून चुकीचे निर्णय होतात. सिरोसिसमध्ये रक्त गोठवणारे घटक कमी होतात तसे गोठणे रोखणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनही कमी होतात, कारण तीही यकृतातच बनतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात आणि काटा कसाबसा मध्ये राहतो. म्हणून आयएनआर २ असलेल्या सिरोसिसच्या रुग्णाच्या यकृताच्या मुख्य शिरेतही रक्ताची गुठळी होऊ शकते. ‘रक्त पातळच आहे, गुठळी कशी होईल?’ असे म्हणून पाय सुजणे किंवा अचानक वाढलेले पोट दुर्लक्षित करू नये. याच कारणाने, केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेल्या द्रवाच्या, पिशव्या चढवण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. त्याने शिरांतील दाब वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून होणारी रक्ताची उलटी मुख्यतः या दाबामुळे होते, गोठण्याच्या दोषामुळे कमी. म्हणून सिरोसिसचे निदान होताच ‘एन्डोस्कोपी करून शिरा पाहायच्या का?’ हा प्रश्न विचारावा. दाब कमी करणाऱ्या गोळ्या आणि एन्डोस्कोपीतून शिरांना रबरी कडी बसवणे या दोन उपायांनी तो प्रसंग बऱ्याच रुग्णांत टाळता येतो.

पचनसंस्थेचे आजार

पित्तमार्गातील अडथळ्याविषयी वर आलेच आहे. दीर्घकाळच्या स्वादुपिंडदाहात चरबी पचवणारे पाचकरस कमी पडतात. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहणारी होते. अशा रुग्णाला केवळ ‘के’ जीवनसत्त्व देऊन भागत नाही, प्रत्येक जेवणासोबत पाचकरसांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. क्रोन आजार, म्हणजे आतड्याचा एक दीर्घकाळचा दाह, आणि आतड्याचा क्षयरोग हे दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतात आणि पित्तातील क्षार पुन्हा शोषले जातात ते याच भागात. तो भाग आजाराने खराब झाला किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागला तर पित्ताचा साठा हळूहळू आटतो आणि चरबीत विरघळणारी ए, डी, ई, के ही चारही जीवनसत्त्वे घटतात. आपल्याकडे हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात आणि उपचार मात्र अगदी वेगळे आहेत. म्हणून तुकडा तपासणीचा अहवाल येईपर्यंत धीर धरावा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि चरबी शोषू न देणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही ही शक्यता मनात ठेवावी.

सीलिअ‍ॅक आजारात गहू, जव यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर सपाट होते. काही रुग्णांत जुलाब नसतातच; न भरून येणारा पंडुरोग आणि वाढलेला आयएनआर एवढेच दिसते. तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर रक्तचाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. निदान झाल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ही आपली धान्ये मदतीला आहेत, पण चाळीखालच्या गिरणीत ज्वारीचे दळण गव्हाच्या दळणावर टाकले तर भाकरीतूनही ग्लुटेन पोटात जाते. गिरणीवाल्याला सांगून सकाळचे पहिले दळण आपले लावावे किंवा घरी छोटी चक्की ठेवावी. बाजारातील खड्याच्या नसलेल्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेही वेष्टनावर वाचावे.

रुग्णालयात आठवडाभर सलाईनवर असलेल्या, तोंडाने काही न खाणाऱ्या रुग्णाला प्रतिजैविके चालू असतील तर आयएनआर अचानक चढतो, हे दृश्य फार नेहमीचे आहे. शरीरात ‘के’ जीवनसत्त्वाचा साठा थोडाच असतो, अन्न बंद असते, आतड्यातील जिवाणूही मरतात, आणि सेफोपेराझोनसारखे औषध या जीवनसत्त्वाच्या कामात थेट अडथळाही आणते. आठवड्यापूर्वी सामान्य असलेला आकडा वाढला तर ‘यकृत गेले’ असा धसका घेण्याआधी कोणते प्रतिजैविक चालू आहे आणि ‘के’ जीवनसत्त्व दिले आहे का, हे नम्रपणे विचारावे.

आहाराबाबत थोडक्यात सांगायचे तर पालक, मेथी, माठ, शेपू, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते, शिजवल्याने ते फारसे कमी होत नाही आणि थोड्या तेलाच्या फोडणीने ते नीट शोषले जाते. अ‍ॅसिनोकूमरॉल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये. दर आठवड्याला साधारण तेवढीच खावी.

तान्हे बाळ

जन्मतःच बाळाला मांडीत ‘के’ जीवनसत्त्वाचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असते, म्हणून ते इंजेक्शन दिले गेले आहे का, हे प्रसूतीच्या कागदांवर वाचून घ्यावे. घाईत घरी किंवा गावी प्रसूती झालेल्या बाळांना ते राहून जाण्याचा संभव जास्त असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तर ‘उन्हात धरा, जाईल’ या सल्ल्यावर थांबू नये. डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणी मागावी. पित्तनलिका जन्मतः बंद असलेल्या बाळाची, कसाई या जपानी शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. अशा बाळांत आजाराची पहिली खूण कधी कधी नाळेतून, नाकातून किंवा मेंदूत झालेला रक्तस्राव ही असते. या लेखातील एकच परिच्छेद कोणी लक्षात ठेवणार असेल तर तो हा असावा, असे मला मनापासून वाटते.

घरी आणि दारी

आयएनआर वाढलेल्या रुग्णाने अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दारू पूर्ण बंद करावी. मऊ ब्रश वापरावा. दात काढण्याआधी दंतवैद्याला ताजा अहवाल दाखवावा. हिरड्यांतून रक्त, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, नेहमीपेक्षा जास्त आणि लांबलेली पाळी, लालसर लघवी यांची तारखेसह नोंद ठेवावी. शौच काळी झाली तर आधी लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते आठवावे. लोहाने ती काळी होते, पण डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची झाली तर ते पोटातील रक्त समजावे. सिरोसिसच्या रुग्णाने बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, दिलेले लॅक्ट्युलोज दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होईल इतके घ्यावे.

महापालिकेच्या केईएम, शीव आणि नायर रुग्णालयांत व सरकारी जे. जे. रुग्णालयात यकृत व पचनविकारांचे विभाग आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. रुग्णाला हिपॅटायटिस बी निघाला तर घरातील प्रत्येकाची तपासणी करून निगेटिव्ह असणाऱ्यांनी लस घ्यावी. यकृत, आतडे आणि ‘के’ जीवनसत्त्व यांत काहीच दोष न सापडता रक्तस्राव होत राहिला, तर हिमोफिलिया किंवा व्हॉन विलब्रँड आजारासारख्या आनुवंशिक दोषांची तपासणी करावी लागते आणि परळला केईएमच्याच आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था याच प्रकारच्या कामासाठी आहे.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखावा आणि प्रत्येक अहवालाची तारीख, आयएनआर, प्लेटलेट, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडांचे काम सांगणारे क्रिएटिनिन एका ओळीत लिहीत जावे. त्याच पानाच्या मागे चालू औषधांची नावे, ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्याच्या तारखा आणि शेवटच्या एन्डोस्कोपीत काय दिसले ते लिहावे. रक्ताची उलटी झाली तर रुग्णाला कुशीवर निजवावे, तोंडाने पाणीही देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि ती फाइल हातात घेऊनच निघावे. अपघात विभागात पोचल्यावर इतर काही सांगण्याआधी एवढेच सांगावे: ‘यांना यकृताचा आजार आहे, शेवटचा आयएनआर अमुक तारखेला अमुक होता, आणि पहिली उलटी अमुक वाजता झाली.’